चान्या घाला, पण मेलेल्या जनावराच्या नकोत

घरचं बोकड कापलं, वाटे झाले, पाव्हण्यारावळ्यांची पंगत उठली, तरी दोन-तीन किलो मटण उरतंच. घरात फ्रीज असला तरी लाइटीचा भरवसा कोण देणार? अशा वेळी पूर्वी काय करत, ते गावातल्या एखाद्या म्हातारीला विचारा. ती म्हणेल, "चान्या घालायच्या!"

चान्या म्हणजे मटणाच्या लांब पट्ट्या कापून दोरीवर वाळवायच्या. मराठवाड्यातल्या महार, मातंग समाजाच्या घरांनी हे कसब जपलं. मटण यायचं ते एकदमच, पुन्हा कधी येईल याचा पत्ता नसायचा, म्हणून साठवणं भागच होतं. आपल्याच जिल्ह्यातले शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' या पुस्तकात या घरांतलं जेवण नोंदवून ठेवलं. मार्च २०१५ पासून राज्यात गाय, बैल, वळू यांच्या कत्तलीला बंदी आहे, तेव्हा आता विचार करायचा तो आपल्या उस्मानाबादी शेळीच्या मटणाचा.

मांडीचं, बिनचरबीचं मटण घ्या. चरबी वाळत नाही, ती खवट होते. बोटाएवढ्या जाड नकोत, त्याहून पातळ पट्ट्या कापा. किलोला तीस ग्रॅमच्या आसपास मीठ, वर हळद चोळा आणि रात्रभर झाकून ठेवा. सकाळी दोरीवर सुट्या सुट्या टांगा, वरून मच्छरदाणीचं कापड घाला. माशी बसली की सगळं वाया. चैत्र-वैशाखातलं आपल्याकडचं ऊन यासाठी बरं. पावसाळ्यात या भानगडीत पडूच नका. रात्री चुलीच्या वर टांगल्या तर धूर लागतो, माशा-किडे लांब राहतात. मात्र बाभळीचं नाहीतर आंब्याचं वाळलेलं लाकूड जाळा. रंग दिलेली फळी, प्लायवूड, टायर चुलीत घालू नका.

ताज्या मटणात पाऊण हिस्सा पाणीच असतं. किलोचं वाळून तीनशे ग्रॅमच्या आसपास राहिलं आणि पट्टी वाकवताच तडकली की झालं. कोरड्या डब्यात भरा, मधूनमधून ऊन दाखवा. बुरशी दिसली तर धुऊन-पुसून वापरायचा मोह नको, फेकून द्या.

आता कुणी विचारील, अख्खं कोंबडं नाहीतर बदकच धुरावर टांगलं तर? चीनच्या सिचुआन प्रांतात अख्खं बदक चहाच्या पत्तीच्या आणि कापराच्या झाडाच्या धुरावर धरतात. पण तो धूर चवीपुरता. बदक आधी मुरवतात, धुरावर धरल्यावर वाफवतात, मग तळतात आणि खाऊन टाकतात. अख्ख्या पाखराच्या हाडाजवळची ओल धुरानं जात नाही, बाहेरून तांबूस दिसतं नि आतून नासतं. म्हणून टिकवायचं तर पट्ट्याच. कच्च्या खाऊ नका. निखाऱ्यावर भाजून कुटा, नाहीतर भिजवून तुरीच्या डाळीत चांगल्या शिजवा.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. मेलेली जनावरं ओढायचं आणि तेच मांस खायचं काम गावगाड्यानं एका समाजावर लादलं होतं. ते मांस खाणं सोडा, असं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत सांगितलं. त्यांच्यापुढे प्रश्न माणसाच्या मानाचा होता, पण त्यात जिवाचाही प्रश्न आहेच. काळपुळीनं, म्हणजे फाशीनं, जनावर अचानक मरतं. नाका-तोंडातून, शेणाच्या वाटेनं काळसर, न गोठणारं रक्त येतं. या रोगाचे जंतू मिठानं, उन्हानं, धुरानं मरत नाहीत. नुसतं कातडं सोलणाऱ्यालाही तो होतो. दुष्काळात जनावर मेलं की कुणीतरी म्हणतंच, "चांगलं मटण मातीत कशाला घालायचं?" तिथंच घात होतो.

सरपंच, पोलीस पाटील, ग्रामसेवक यांनी अशा वेळी जनावर फाडू देऊ नये. कुत्री लांब ठेवावीत, गुरांच्या दवाखान्याला त्याच दिवशी निरोप धाडावा. डॉक्टर म्हणतील तिथं, विहीर-नाल्यापासून लांब, सहा फूट खड्डा घेऊन चुना टाकून पुरावं. रक्त सांडलं असेल तर तिथली मातीही त्याच खड्ड्यात घालावी.