काकांचा डबा आणि माझी एक्सेल शीट

सुरुवातीलाच कबूल करते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीच्या पेपरात निबंधापेक्षा मी शुद्धलेखनातच जास्त मार्क घालवले. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाच्या माथी आणि आठवणीतल्या चुका माझ्या!

आमच्या विंगमध्ये नवीन आलेली ज्युनिअर माझ्या कॉटखालची पत्र्याची पेटी बघून हमखास विचारते, "दीदी, ह्यात चिवडा आहे का?" नाही बाई. त्यात क्रिकेटची जुनी कार्डं आहेत. बबलगमबरोबर मिळणारी, बिस्किटाच्या रॅपरवरची, ट्रम्प कार्डं आणि काही तर घरीच कातरून बनवलेली. एकूण नग ६१२. हे ऐकल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "ह्याचा उपयोग काय?" मित्रमैत्रिणींनो, ह्या प्रश्नाचं उत्तर व्हायवामध्ये देता येत नाही, म्हणून लेख लिहायला घेतला.

सुरुवात सिगारेटच्या पाकिटातून

खेळाडूंची कार्डं ही मूळची खेळाची वस्तूच नाही, ती पॅकेजिंगची वस्तू आहे. १८८० च्या दशकात अमेरिकेत सिगारेटची पाकिटं कागदाची आणि लिबलिबीत असायची. सिगारेट मोडू नये म्हणून आत एक जाड कागदाचा तुकडा घालत. कोरा घालण्यापेक्षा त्यावर चित्र छापावं, म्हणजे गिऱ्हाईक सेट पूर्ण करण्यासाठी पुन्हा तीच सिगारेट घेईल, ही कल्पना कंपन्यांना सुचली. तिकडे बेसबॉलपटू छापले गेले, इंग्लंडमध्ये क्रिकेटपटू. आपले रणजितसिंहजीसुद्धा अशा इंग्लिश सिगारेट कार्डांवर झळकले आहेत. दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई झाली आणि १९४० मध्ये इंग्लंडमधला हा प्रकार थांबला. पुढे सिगारेटची जागा च्युइंगमने घेतली, म्हणजे कार्डं बापाच्या खिशातून पोराच्या खिशात आली.

आता किमतीचं बघा. होनस वॅग्नर नावाच्या बेसबॉलपटूचं १९०९ ते १९११ च्या सेटमधलं कार्ड २०२२ मध्ये ७२ लाख ५० हजार डॉलरला विकलं गेलं. त्याच्या जेमतेम पन्नास-साठ प्रती आज माहीत आहेत, कारण छपाई मध्येच थांबवली होती. तंबाखूबरोबर आपलं चित्र मुलांच्या हाती जाऊ नये असं त्याला वाटलं म्हणतात, तर काही जण म्हणतात पैशावरून बिनसलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मिकी मँटलचं १९५२ चं टॉप्स कंपनीचं कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला, म्हणजे आपल्या हिशोबाने साधारण १०० कोटी रुपयांना गेलं. गंमत म्हणजे मँटलचं कार्ड ज्या शेवटच्या मालिकेत होतं ती सीझन संपता संपता बाजारात आली आणि खपलीच नाही. उरलेला माल कंपनीच्या सय बर्जर यांनी १९६० मध्ये बोटीतून नेऊन चक्क समुद्रात बुडवला!

उलट १९८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत सगळ्यांनीच "पुढे भाव येईल" म्हणून कार्डं जपायला सुरुवात केली, कंपन्यांनीही ढिगाने छापली, आणि त्यातली बहुतेक आज रद्दीच्या भावात आहेत. म्हणजे भाव जुनेपणाला येत नाही. किती उरलं आणि किती जणांना हवंय, ह्यावर तो ठरतो. इकॉनॉमिक्सच्या सरांनी जो डिमांड-सप्लायचा ग्राफ काढला होता, तो मला इथे येऊन कळला.

आपल्याकडे काय होतं?

आपल्याकडे अशी जुनी परंपरा नाही, पण अगदीच कोरडं नव्हतं. ८०-९० च्या दशकात बिग फन बबलगमबरोबर क्रिकेटची कार्डं मिळायची. त्यावर रन किंवा विकेट छापलेल्या असत. ठरलेला आकडा जमला की बक्षीस. पुढे १९९९ च्या वर्ल्ड कपला ब्रिटानियाने "खाओ, वर्ल्ड कप जाओ" योजना काढली आणि पोरांनी घरोघरी बिस्किटांची रॅपरं गोळा केली. ट्रम्प कार्डांनी तर नव्वदच्या दशकात शाळांची मधली सुट्टी खाऊन टाकली. अलीकडे आयपीएलची कार्डंही निघाली, पण ती जुनी व्हायला अजून वेळ आहे.

आमचं मूळ घर कंधारचं. किल्ल्याच्या खंदकाच्या आणि जगत्तुंग तलावाच्या गावाचं. माझे काका १९८७ मध्ये दहा वर्षांचे होते. रिलायन्स वर्ल्ड कप त्यांच्या डोक्यात गेला तो गेलाच. चार आणे मिळाले की बबलगम. माळेगावच्या जत्रेला गेले की लोक घोडे आणि उंट बघायचे, काका दुकानांतून कार्डं शोधत फिरायचे. सगळा माल एका चॉकलेटच्या पत्र्याच्या डब्यात.

त्याच घरात आजोबांकडे निजामाच्या काळातले हाली सिक्के होते, चारमिनार छापलेले. हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात आलं तरी हे चलन लगेच गेलं नाही, १९५९ पर्यंत ते भारतीय रुपयाच्या सोबत होतं. ते सिक्के लाल फडक्यात बांधून देवघरात ठेवलेले, आणि काकांचा डबा माळवदाखालच्या फळीवर, खराटे आणि फुटक्या कंदिलाच्या शेजारी. चांदीला कोणीही जपतं हो! कागदाला जपायला थोडं वेड लागतं.

आणि तो डबा नीट जपला गेला नाही, ह्याला कारण मी आहे.

माझा गुन्हा

सहावीत शाळेने "माय हॉबी" हा प्रोजेक्ट दिला. माझी हॉबी काहीच नव्हती. सुट्टीत कंधारला गेले तेव्हा काकांनी डबा दिला, म्हणाले, "घे गं माय, पण नीट सांभाळ." मी काय केलं? चाळीसेक कार्डं काढली, कडा वाकड्या वाटल्या त्या कात्रीने सरळ केल्या आणि भरपूर गम लावून स्क्रॅपबुकमध्ये चिकटवली. दहा कार्डं तर कव्हरसाठी लॅमिनेट करून आणली. मला ए प्लस मिळाला.

दिवाळीत मोठ्या अभिमानाने ते पुस्तक काकांना दाखवलं. त्यांनी एकेक पान सावकाश उलटलं. एका पानावर थांबले, कार्डाची कड नखाने उचलायचा प्रयत्न केला, उचलेना. मग पुस्तक मिटून म्हणाले, "छान केलीस." बस्स. त्यांना काय झालं ते मला तेव्हा कळलं नाही. कळलं ते फर्स्ट इयरला, ह्या विषयावर वाचायला लागले तेव्हा. त्या पानावर काय होतं ते शेवटी सांगते. आधी, मी केलं ते तुम्ही करू नये म्हणून थोडं तांत्रिक.

कागदाचे शत्रू

१. गम आणि लॅमिनेशन. ह्या दोन्ही गोष्टींना 'अन-डू' नाही. लॅमिनेशनमध्ये प्लास्टिक गरम होऊन कागदाला कायमचं धरतं. जे उलट फिरवता येत नाही ते जुन्या कागदावर करायचं नाही, हा एकच नियम पाठ केला तरी पुरे. सेलोटेपसुद्धा नको, काही वर्षांत त्याचा चिकटपणा पिवळा होऊन कागदात मुरतो.

२. चुकीचं प्लास्टिक. स्वस्तातल्या मऊ अल्बमला नवीन रेनकोटसारखा वास येतो ना? ते पीव्हीसी. त्याला मऊ ठेवणारी रसायनं हळूहळू बाहेर येतात आणि छपाईला चिकटतात. त्याऐवजी पॉलिप्रॉपिलीनचे पारदर्शक स्लीव्ह घ्यावेत. स्लीव्हमध्ये कार्ड सहज सरकलं पाहिजे, कोंबायचं नाही.

३. रबर. कंधारच्या उन्हाळ्यात पारा ४२ च्या पुढे जातो. डब्यातल्या गठ्ठ्यांचे रबर बँड वितळून कार्डांना चिकटले होते, शिवाय दाबाने कडांना खाचा पडल्या होत्या. गठ्ठा बांधायचाच तर कागदाची पट्टी वापरा.

४. दमट हवा, उजेड आणि कसर. पावसाळ्यात कागद ओल धरतो, फुगतो, बुरशी येते. साधारण ४० ते ५० टक्के आर्द्रता बरी. हॉस्टेलला हायग्रोमीटर कुठून आणणार? बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या जमवा, पण त्या ओल पिऊन संपतात, म्हणून बदलत राहा. उन्हाने रंग उडतो, तेव्हा भिंतीवर लावायचीच असतील तर कलर झेरॉक्स लावा, मूळ कार्ड अंधारात ठेवा. पेटी जमिनीवर टेकवू नका, खाली दोन विटा घाला (आमच्या मजल्यावर बाथरूमचं पाणी कधी येईल सांगता येत नाही). आणि पेटीशेजारी फरसाणाचा डबा ठेवू नका, झुरळांना कार्ड आणि फरसाण ह्यात फरक कळत नाही.

कार्डाची तब्येत

कार्डाची अवस्था चार गोष्टींवर पाहतात: कोपरे, कडा, पृष्ठभाग, आणि चित्र चौकटीच्या मधोमध आहे का. अमेरिकेत १९९१ मध्ये सुरू झालेली पीएसए ही कंपनी कार्डाला १ ते १० असे गुण देते. कात्रीने कड सरळ केलेलं कार्ड मात्र साधे गुण मिळवायलाही पात्र राहत नाही. माझी ती "सफाई" आठवा!

नकली ओळखायची तर भिंग घ्या. आपलं वर्कशॉपमधलं साधं भिंगही चालतं. जुन्या ऑफसेट छपाईत रंगांचे ठिपके ठराविक ओळीत, फुलासारख्या रचनेत दिसतात. घरच्या इंकजेट प्रिंटरचे ठिपके विस्कटलेले, शिंतोड्यासारखे असतात.

वाढता पसारा

काकांच्या डब्यातून मला १४० च्या आसपास नग मिळाले. मग नांदेडचे रद्दीवाले, मावसभावांचे माळे, मैत्रिणींच्या दादांची दप्तरं असं करत आकडा ६१२ वर गेला. ३०० च्या पुढे गेल्यावर एक गंमत झाली. एका रद्दीवाल्याकडून ८० रुपयांना अकरा ट्रम्प कार्डं आणली आणि घरी येऊन पाहते तो नऊ आधीच माझ्याकडे होती. तेव्हा कळलं की आपल्याकडे काय आहे हे आपल्याला माहीत नसेल, तर तो संग्रह नसून नुसता साठा आहे.

त्या रात्री (दुसऱ्या दिवशी सबमिशन होतं, हे वेगळं सांगायला नको) एक्सेल शीट उघडली. प्रत्येक कार्डाला क्रमांक दिला. तो कार्डावर नाही, स्लीव्हवर लिहायचा. कॉलम असे: क्रमांक, खेळाडू, कुठल्या मालिकेतलं, साल, अवस्था, किती प्रती, कुठल्या पाकिटात ठेवलंय, केवढ्याला घेतलं. दोन्ही बाजू स्कॅन केल्या, कारण पाठीवरच माहिती असते. फाईलची एक प्रत पेनड्राइव्हवर, एक मेलवर. जास्तीची कार्डं अदलाबदलीसाठी वेगळी काढली. आणि सगळ्यात अवघड काम म्हणजे हद्द ठरवली: फक्त क्रिकेट, फक्त भारतात मिळालेली, २००० सालापर्यंतची. हद्द नसेल तर पैसेही संपतात आणि कॉटखालची जागाही.

शेवटचा कॉलम

गेल्या उन्हाळ्यात स्क्रॅपबुकमधली कार्डं सोडवायचा प्रयत्न केला. बहुतेकांची पाठ फाटलीच. एक मात्र छापील कार्ड नव्हतंच. मासिकातला चेतन शर्माचा फोटो कातरून जाड पुठ्ठ्यावर लावलेला, काकांनी घरी बनवलेलं कार्ड. ह्याच पानावर ते थांबले होते. पाठीवर पेन्सिलने काहीतरी लिहिलेलं होतं. गमाबरोबर पुठ्ठ्याचा थर निघाला आणि "नागपूर" एवढाच शब्द वाचता आला.

मी ते घेऊन कंधारला गेले. काकांनी चष्मा लावला, म्हणाले, "हे अजून हाय का तुझ्यापाशी?" मग सांगायला लागले. ३१ ऑक्टोबर १९८७, नागपूर, न्यूझीलंडविरुद्ध. चेतन शर्माने रुदरफर्ड, स्मिथ आणि चॅटफिल्ड, तिघांच्या लागोपाठ दांड्या उडवल्या, वर्ल्ड कपमधली पहिली हॅटट्रिक. त्याच सामन्यात गावसकरचं वन-डेतलं एकमेव शतक, अंगात ताप असताना. हे सगळं मला नेटवर मिळालं असतं. पण त्या दिवशी आजोबा रेडिओ उचलून अंगणात घेऊन आले होते, गल्ली जमली होती, आणि एरवी क्रिकेटच्या नावाने ओरडणारे आजोबा तिसरी विकेट पडल्यावर स्वतःच ओरडले होते, हे मला कुठे मिळालं असतं? काकांनी पाठीवर तेच लिहिलं होतं: "आज दादा पण ओरडले."

आजोबा आता नाहीत. त्यांचे सिक्के देवघरात तसेच आहेत, पण ते कोणत्या व्यवहारात, कोणाच्या हातून घरात आले हे सांगणारं घरात कोणी उरलं नाही. कोणी विचारूनच ठेवलं नाही.

शीटमध्ये आता एक शेवटचा कॉलम आहे: "कोणाचं, कुठलं, काय सांगितलं." क्रमांक १ समोर काकांचं वाक्य लिहिलंय. बाजारात त्या पुठ्ठ्याची किंमत शून्य. अवस्था: अत्यंत वाईट. प्रती: १.

तर वाचकहो, तुम्ही नाणी जमवा, तिकिटं जमवा, काडेपेट्यांचे छाप जमवा. स्लीव्ह नंतर आणा, सिलिका जेल नंतर आणा. ह्या सुट्टीत घरी गेलात की आधी माणसांना विचारा आणि तिथल्या तिथे लिहून काढा. मेसमधल्या काकांनाही विचारा, वॉर्डन मॅडमनाही विचारा, ट्रम्प कार्डं त्यांच्या पिढीनेही खेळलीत. आणि कोणाच्या माळ्यावर डबल पडलेली कार्डं असतील, तर अदलाबदलीला रविवारी आमच्या विंगच्या पायऱ्यांवर या. येताना गम तेवढा आणू नका!