जेवणानंतरचे चार तास
— ऊस विकास अधिकारी



या पानावर मी नेहमी बेणे, लागण, खते आणि पाण्याच्या पाळ्या यांवर लिहितो. या खेपेचा विषय निराळा आहे, पण तोही पाण्याच्याच जवळचा. मी शेतकी पदविकेचा माणूस, डॉक्टर नव्हे. तरीही लिहितो, त्याला कारण घडले.

उरुसानंतर गट कार्यालयात एक सभासद भेटले. मटणाचे जेवण झाले, रात्री वीज आली, म्हणून लगबगीने मोटर चालू करायला गेले आणि बांधावरच छातीत भरून आले. "पित्त असंल म्हणून सोडा प्यालो अन् झोपलो, सायेब," असे ते म्हणाले. सकाळी मुलाने दवाखान्यात नेले म्हणून निभावले. एका जेवणाने हृदयरोग होत नाही, तो आत बरीच वर्षे वाढत असतो. पण जड जेवणानंतरचे काही तास रक्तवाहिन्यांना अवघड जातात, हे आता मोजून दिसले आहे.

रक्तवाहिनी म्हणजे नुसती रबरी नळी नव्हे. तिच्या आतल्या बाजूला पेशींचे पातळ अस्तर असते. हे अस्तर म्हणजे दारे धरणारा गडीच समजा. पाण्याचा जोर वाढला की गडी दार मोठे करतो. तसेच रक्ताचा ओघ वाढला की अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडते आणि वाहिनी सैल होऊन रुंदावते. नत्र आणि प्राणवायू यांचाच हा वायू. त्याचे शरीरातील काम उलगडल्याबद्दल तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना 1998 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता जेवणाकडे वळू. तेला-तुपाचे जेवण पचले की स्निग्धांशाचे बारीक कण रक्तात उतरतात आणि तीन-चार तासांनी त्यांचे प्रमाण सर्वांत जास्त होते. त्या वेळात अस्तरावर ताण येतो, नायट्रिक ऑक्साइड कमी पडतो आणि गडी सुस्तावतो. पाट बुजत नाही, पण गरजेला दार पुरते उघडत नाही. नेमके तेव्हाच आपण पळापळ केली, तर हृदय जादा रक्त मागते.

अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी 1997 साली हे तपासून प्रसिद्ध केले. दहा निरोगी माणसांना एकदा 50 ग्रॅम स्निग्धांशाचे 900 कॅलरीचे जेवण दिले आणि दुसऱ्यांदा तितक्याच कॅलरीचे, पण स्निग्धांश नसलेले. हाताचा रक्तप्रवाह पट्ट्याने थोडा वेळ अडवून सोडला आणि दंडातील वाहिनी किती रुंदावते ते मोजले. जेवणाआधी ती सुमारे 21 टक्के रुंदावत होती. तेलकट जेवणानंतर दोन ते चार तासांत सुमारे 11 टक्केच. दुसऱ्या जेवणानंतर फरक पडला नाही. माणसे दहाच होती, म्हणून हा आकडा जसाच्या तसा सर्वांना लावू नये.

50 ग्रॅम म्हणजे चहाचे दहा-अकरा चमचे तेल. तांबड्या रश्श्यावरचा तवंग, पांढऱ्या रश्श्यातले खोबरे आणि मटणाची चरबी धरली, तर हा हिशेब एका बैठकीत सहज भरतो. उरूस वर्षातून एकदाच येतो. पण आपल्या घरची पोरे आता पंचतारांकित एमआयडीसीत शिफ्टला जातात आणि कटवडा, भजी हीच रोजची न्याहारी होऊन बसते. काळजी त्याची जास्त.

कोणी म्हणेल, "आमचा आजा वाटीनं तूप खायचा, त्याला काय झालं?" खरे आहे, पण आजा दिवसभर नांगरामागे चालत होता. आपण गाडीवरून बांधावर जातो.

म्हणून एवढे करावे :

1. रस्सा वाढण्यापूर्वी वरचा तवंग पळीने काढावा. भाकरीबरोबर कांदा, काकडी, पालेभाजी वाढवावी.
2. जड जेवणानंतर लगेच कष्टाचे काम करू नये आणि लगेच आडवेही होऊ नये. बेताने चालावे. चालण्याने अस्तराचे काम सुधारते असे छोट्या प्रयोगांत दिसले आहे. हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच चालावे.
3. जेवणावर विडी-सिगारेट ओढू नये. धूर त्याच अस्तराला मारतो.
4. छातीत दाब, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ, दरदरून घाम असे झाले तर सोडा पिऊन झोपू नये. ताबडतोब 108 ला फोन करावा.

उसाला ताण बसला तर पुढच्या पाळीला सावरता येते. माणसाचे तसे नाही. हा अंक घरातील मुला-सुनांनाही वाचून दाखवावा, ही विनंती. कळावे.