लेखापरीक्षणाची निविदा आणि न्यायालयाची पायरी

आपल्या व्यापारी घराण्यांतील अनेक मुले-मुली आता दुकानाच्या गादीवर न बसता सनदी लेखापाल होऊन स्वतःची फर्म चालवितात. तीन-चार भागीदारांच्या अशा फर्मला एखाद्या महामंडळाचे, नगरपालिकेचे किंवा राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या जिल्हा संस्थेचे काम मिळाले, तर नावही होते आणि कार्यालयाचा वर्षाचा खर्चही भागतो. म्हणूनच सर्व अटी पूर्ण करूनही काम दुसऱ्याच्या पदरात पडले, की घरात चर्चा पेटते. तरुण म्हणतो, न्यायालयात जाऊ. वडीलधारे म्हणतात, सरकारशी वैर कशाला? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण कोणत्या प्रसंगी कोणाचे ऐकावे, हे ठरविण्यासाठी प्रथम विषय समजून घ्यावा लागतो.

सरकारी संस्थेचे प्रत्येक लेखापरीक्षण निविदेने दिले जात नाही. सरकारी कंपनीचा वैधानिक लेखापरीक्षक कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३९ अन्वये भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक नेमतात. तेथे दरपत्रकाचा प्रश्न येत नाही. निविदा निघते ती प्रामुख्याने अंतर्गत लेखापरीक्षण, समवर्ती लेखापरीक्षण, लेखे तयार करून देणे आणि विविध शासकीय योजनांच्या संस्थांची तपासणी यांसाठी.

या निविदांत एक गाठ आहे आणि बरेचसे वाद त्या गाठीतूनच जन्मतात. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांपैकी १९३ वा नियम सांगतो, की ठरलेल्या पद्धतीने होणाऱ्या नेहमीच्या कामांसाठी सर्वांत कमी दराची पद्धत योग्य आहे. आणि अशा कामाचे उदाहरण म्हणून तो लेखापरीक्षणाचेच नाव घेतो. उलट, सनदी लेखापालांच्या संस्थेने २०१६ मध्ये नियम केला, की केवळ सनदी लेखापालांसाठीच राखीव असलेल्या कामाच्या निविदेला, निविदेतच किमान शुल्क नमूद केलेले नसेल, तर सदस्याने प्रतिसाद देऊ नये. हेतू चांगला आहे. दर पाडण्याची चढाओढ लागली, की तपासणी कागदावरच उरते. पण परिणाम काय होतो? किमान शुल्क छापलेले असते, सगळेच तेवढेच भरतात आणि सर्वांचा दर सारखा निघतो. मग निवड कशाच्या आधारे करायची? कोठे चिठ्ठी काढतात, कोठे तांत्रिक गुण पाहतात, कोठे फर्मचे वय किंवा भागीदारांची संख्या. यांपैकी काहीही चालेल, मात्र ते निविदेच्या कागदात आधीच लिहिलेले हवे. लिफाफे उघडल्यावर, नावे समोर आल्यावर सुचलेला निकष हीच आव्हानाची खरी जागा.

याविषयीचा पायाभूत निर्णय आपल्या मुंबईच्याच विमानतळावरील उपाहारगृहाच्या वादातून आला. विमानतळ प्राधिकरणाने एक उपाहारगृह व दोन अल्पोपाहार केंद्रे चालविण्यासाठी निविदा मागविल्या आणि किमान ५ वर्षांचा अनुभव असलेला नोंदणीकृत द्वितीय श्रेणीचा हॉटेल व्यावसायिक हवा, अशी अट घातली. काम मात्र मिळाले कँटीन चालविण्याचा अनुभव असलेल्या निविदाधारकाला. रमणा दयाराम शेट्टी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये स्पष्ट केले, की शासनाने स्वतः जाहीर केलेला निकष शासनावरही बंधनकारक आहे. तो डावलणे म्हणजे संविधानाच्या १४ व्या अनुच्छेदातील समतेचा भंग.

आजही निविदेच्या खटल्यांत हा निर्णय आधाराला घेतात. परंतु त्याचा शेवट वाचावयास अनेकजण विसरतात. तत्त्व मान्य होऊनही याचिकाकर्त्याच्या हाती काहीच लागले नाही. त्याने स्वतः निविदा भरलेली नव्हती, याचिका दाखल करण्यास पाच महिन्यांहून अधिक विलंब लावला होता, आणि तोवर दुसऱ्या पक्षाने जागेवर बराच खर्च केला होता. न्यायालयाने कंत्राट तसेच राहू दिले.

पुढे १९९४ च्या टाटा सेल्युलर निर्णयाने न्यायालयाची मर्यादा आखून दिली. न्यायाधीश निविदा समितीवरील अपील अधिकारी नाहीत. ते निर्णय कसा घेतला गेला हे पाहतात, निर्णय योग्य होता की नाही हे नव्हे. २००६ च्या जगदीश मंडल प्रकरणात दोन प्रश्न सांगितले गेले: प्रक्रिया दुष्ट हेतूची किंवा मनमानी होती काय, आणि सार्वजनिक हिताला बाधा पोहोचते काय. दोन्हींचे उत्तर नकारार्थी असेल, तर हस्तक्षेप नाही. नागपूर मेट्रोच्या २०१६ च्या प्रकरणात तर निविदेच्या शब्दांचा अर्थ लावण्यास तिचा कर्ताच सर्वांत योग्य, असेही म्हटले गेले. म्हणून ‘आम्हाला ७२ गुण दिले, ८० द्यावयास हवे होते’ एवढ्यावर उभी असलेली याचिका, माझ्या मते, वकिलाची फी वाया घालविते. अशा वेळी वडीलधाऱ्यांचे ऐकावे.

बँकेतील नोकरीत समवर्ती लेखापरीक्षकांच्या नेमणुकीच्या फायली मी पाहिल्या आहेत. ज्या फायलीत गुणांचा तक्ता, समिती सदस्यांच्या सह्या आणि कारणे असत, तिच्यावरील आक्षेपाला उत्तर देण्यास एक पान पुरे होई. जिच्यात नुसता निष्कर्षच असे, ती मागितली गेली की टिपण्या लिहिण्याची धावपळ सुरू होई. मागाहून लिहिलेले कारण अनुभवी डोळ्यास लगेच ओळखू येते; वकिलांनाही येते.

म्हणून फर्मने पहिला आक्षेप निविदा भरण्यापूर्वी, निविदापूर्व बैठकीत व लेखी घ्यावा. अट अन्यायकारक वाटत असूनही गप्प राहून निविदा भरली, आणि हरल्यावर त्याच अटीला नावे ठेवली, तर न्यायालयात कोणी ऐकून घेत नाही. निविदा नाकारली गेल्यास त्याच आठवड्यात कारणे मागावीत. केंद्राच्या वित्तीय नियमांतील १७३ वा नियम, निविदाधारकाने विचारल्यास कारणे सांगितली पाहिजेत, असे म्हणतो. माहिती अधिकाराचा अर्जही करावा, मात्र त्याच्या ३० दिवसांच्या मुदतीवर विसंबून बसू नये. तोवर कार्यादेश निघून लेखापरीक्षण अर्धे झालेले असते, आणि मार्चअखेरची कामे थांबविण्यास कोणतेही न्यायालय सहसा तयार होत नाही.

बेळगाव, निपाणीकडील आपल्या मंडळींची स्थिती थोडी बरी आहे. कर्नाटकात सार्वजनिक खरेदीतील पारदर्शकतेचा १९९९ चा स्वतंत्र कायदा असून त्यात निर्णयाविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येते. महाराष्ट्रात असा कायदा नाही. लेखी निवेदनाने भागले नाही, तर अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका हाच मुख्य मार्ग उरतो. तेथे जिंकले तरी बहुधा फेरमूल्यांकनाचा किंवा नव्या निविदेचा आदेश मिळतो. काम थेट हाती पडत नाही. वकिलाशी पहिली बैठक घेतानाच हा हिशेब भागीदारांनी आपसांत मांडलेला असावा.