सहा मिनिटांची चाल : मोजमाप कितपत विश्वासार्ह?

प्रतिनिधी

बायपास शस्त्रक्रिया वा अँजिओप्लास्टी झालेल्या रुग्णाच्या मनात पहिला प्रश्न येतो, तो 'आता मला कितपत श्रम झेपतील?' हा. हृदय-पुनर्वसन केंद्रांत याचे उत्तर शोधण्यासाठी अनेकदा सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीचा आधार घेतला जातो. तिला महागडे यंत्र लागत नाही. सपाट मार्गिका, दोन शंकू आणि घड्याळ एवढे पुरते. मात्र ती काटेकोरपणे न घेतल्यास तिचा आकडा फसवा ठरू शकतो.

या चाचणीचे मूळ १९६८ साली डॉ. केनेथ कूपर यांनी मांडलेल्या बारा मिनिटांच्या धावण्याच्या चाचणीत आहे. १९७६ मध्ये ब्रिटनमधील डॉक्टरांनी श्वसनविकाराच्या रुग्णांसाठी धावण्याऐवजी चालणे स्वीकारले. १९८२ मध्ये हा अवधी सहा मिनिटांवर आणला तरी चालते, असे दिसून आले. १९८५ मध्ये कॅनडात हृदय दुर्बल झालेल्या रुग्णांवर ती वापरली गेली. २००२ मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने तिचे नियम ठरवून ३० मीटरच्या सरळ मार्गिकेची शिफारस केली.

या नियमांना कारण आहे. मार्गिका आखूड असली की वळणे वाढतात आणि अंतर घटते. शेजारी उभ्या असलेल्याने वारंवार उत्तेजन दिले, तर तोच रुग्ण अधिक अंतर कापतो. म्हणूनच परीक्षकाने कोणती वाक्ये केव्हा उच्चारावीत, हेही ठरवून दिलेले आहे.

सर्वांत मोठी अडचण सरावाची. हृदय-पुनर्वसनातील रुग्णांविषयीच्या संशोधनाचा एक आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार ही चाचणी विश्वासार्ह आहे. परंतु ती पुन्हा घेतल्यास अंतर २ ते ८ टक्क्यांनी वाढते. समजा, एक रुग्ण पहिल्या दिवशी ३६० मीटर चालला आणि दुसऱ्या दिवशी ३८०. या एका दिवसात त्याचे हृदय सुधारलेले नाही. त्याला केवळ चाचणीचा अंदाज आला. आठ आठवड्यांच्या व्यायामानंतर तो ३८५ मीटर चालला, तर खरी सुधारणा ५ मीटरची. दुसरी चाचणी घेतलीच नसती, तर ती २५ मीटरची भासली असती. हृदयधमनीविकाराच्या रुग्णांत सुमारे २५ मीटरची वाढ अर्थपूर्ण मानली जाते. म्हणजे प्रगती नसताना ती झाल्याचा समज होऊन व्यायाम वाढवण्याचा किंवा कामावर परतण्याचा निर्णय चुकीच्या आधारावर घेतला जाऊ शकतो. २०१४ च्या आंतरराष्ट्रीय मानकांनी दोन चाचण्या घेऊन त्यांतील अधिक अंतर नोंदवावे, असे सांगितले ते यामुळेच.

१९९२ मध्ये 'शटल' चाचणी पुढे आली. तीत रुग्ण दहा मीटरच्या पट्ट्यावर ध्वनिसंकेतांच्या तालावर ये-जा करतो आणि दर मिनिटाला वेग वाढत जातो. वेग रुग्णाच्या मर्जीवर नसल्याने उत्साहाचा परिणाम कमी होतो. तरीही तेथेही सरावफेरी हवीच.

रुग्णांनी काय करावे? दोन्ही वेळी मार्गिका, पादत्राणे आणि औषधे घेण्याची वेळ शक्यतो सारखी ठेवावी. सुरुवातीला चाचणी दोनदा घेतली होती का, हे अवश्य विचारावे. छातीत दुखणे, घेरी वा असह्य धाप जाणवल्यास तत्काळ थांबून सांगावे. हृदयविकाराचा झटका येऊन महिनाही लोटला नसेल, तर डॉक्टरांच्या स्पष्ट संमतीशिवाय ही चाचणी देऊ नये. घरी स्वतःहून तर नकोच. आकडा महत्त्वाचा आहेच. पण तो कसा मिळाला, हे त्याहून महत्त्वाचे.