यंत्राचे उत्तर, माणसाची सही

इमारतीचा आराखडा, तुळईची जाडी, लोखंडाचे प्रमाण ही कामे आता कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणार्धात करून देते. परंतु तिचे उत्तर चुकले, तर जाब कोणाला विचारावयाचा? यंत्राला न्यायालयात उभे करता येत नाही. कायद्याच्या दृष्टीने ते 'व्यक्ती'च नव्हे.

अशा विसंबण्याचा धोका साध्या गणकयंत्राच्या काळातही दिसला आहे. नॉर्वेत १९९१ साली 'स्लाइप्नर ए' या सागरी फलाटाचा काँक्रीटचा पाया चाचणीच्या वेळी बुडाला. गणकयंत्राला दिलेली मांडणीच सदोष होती. त्यामुळे भिंतींवरील ताण सुमारे ४७ टक्के कमी दिसला आणि भिंती दुबळ्या राहिल्या.

आपल्याकडे स्थावर संपदा अधिनियम, २०१६ अन्वये घराचा ताबा दिल्यापासून ५ वर्षांत रचनेतील दोष दाखवून दिल्यास विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो. आराखडा माणसाने केला की यंत्राने, हा भेद तेथे नाही.

उत्तर आले तरी ताळा करून पाहा, असे आम्ही वर्गात सांगतो ते याचसाठी. सल्ला यंत्राचा असला, तरी सही माणसाचीच असते.