द्राक्षवेलीची विद्या

कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने 1880 साली कायदा करून तेथील राज्य विद्यापीठावर एक निराळी जबाबदारी टाकली. द्राक्षाची लागवड आणि द्राक्षापासून मद्य तयार करण्याची विद्या, या दोहोंचे संशोधन व शिक्षण विद्यापीठाने करावे, असा तो कायदा होता. पुढे हे काम डेव्हिस येथे स्थिरावले आणि आज त्या विभागात अनेक देशांचे विद्यार्थी येतात. इटलीतील कोनेलियानोची शाळा 1876 ची, तर जर्मनीतील गायझेनहाइमची संस्था 1872 ची. म्हणजे ही विद्या वर्गात येऊन बसल्याला दीड शतक होत आले. आपल्याकडे मात्र एखाद्या मुलाने हा अभ्यास करावयाचे ठरविले, की घरात पहिला प्रश्न येतो तो असा : ‘शिकूनसवरून दारू गाळणार का?’

या प्रश्नात एक साधी चूक आहे. वाइन गाळली जात नाही. द्राक्षाच्या रसातील साखर यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव खातात आणि तिच्यापासून मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. दर लिटर रसात सुमारे 17 ग्रॅम साखर असली, तर एक टक्का मद्यार्क मिळतो. भट्टी नाही, वाफ नाही. प्रश्नातला दुसरा भाग मात्र चुकीचा म्हणून झटकून टाकता येणार नाही. मद्याने घरे बसली, हे आपल्या समाजाने पाहिलेले आहे. गुजरातेत 1960 पासून दारूबंदी आहे, आणि महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा आजही परवान्यांच्या रूपाने लागू आहे. ज्याला या धंद्यात शिरावयाचे आहे, त्याने घरच्यांच्या या शंकेला उडवाउडवीचे उत्तर देऊ नये. धंद्याच्या सोयीसाठीही हे बरे. कारण रोज वीस-तीस नमुने तोंडात घेऊन थुंकून टाकण्याचा संयम ज्याच्यापाशी नाही, त्याचा या विद्येत निभाव लागत नाही.

अभ्यासक्रमाचा मोठा भाग पेल्यापासून फार दूर असतो. वनस्पतिशास्त्र, मातीचे शास्त्र, सेंद्रिय रसायन, सूक्ष्मजीवशास्त्र आणि संख्याशास्त्र यांतच विद्यार्थ्याची पहिली वर्षे जातात. मग वेलीकडे वळावयाचे. फळ पिकू लागले म्हणजे साखर चढते आणि आम्लता उतरते. या दोन रेषांचा मेळ कोणत्या दिवशी बसतो, हे ओळखणे म्हणजे निम्मी विद्या. विद्यार्थी मळ्यात हिंडून निरनिराळ्या वेलींचे मणी तोडतो, रस काढतो, उपकरणाने साखर मोजतो आणि प्रयोगशाळेत आम्ल मोजतो. पण बी चावून पाहणे आणि साल जिभेवर घोळविणे यांना अजून पर्याय सापडलेला नाही. उरलेली निम्मी विद्या बरीचशी धुण्यापुसण्याची आहे! टाकी, नळ्या, पंप, फरशी हे सारे पुनःपुन्हा धुवावे लागते. आंबणाऱ्या टाकीतून निघणारा वायू जड असल्यामुळे खाली साचून राहतो. त्यात वाकलेला मनुष्य गुदमरून मरू शकतो. म्हणून कोणत्याही चांगल्या संस्थेत टाकीत उतरण्याचे नियम आधी शिकवितात आणि मद्याची चव नंतर.

चवीचेही शास्त्र आहे. डेव्हिसच्या ॲन नोबल यांनी आपल्या सहकाऱ्यांसह 1984 साली वाइनच्या वासांची एक पद्धतशीर परिभाषा मांडली, आणि तिचे चक्र पुढे जगभर वापरात आले. ‘छान’, ‘उंची’ असली विशेषणे तीत नाहीत. लिंबू, मिरी, लवंग, ओली माती असे ज्याचा नमुना समोर ठेवता येईल तेच शब्द आहेत. मराठी मुलाला यातील काही वास परके पडतात, कारण युरोपातली काळी मनुकेवजा बोरे त्याने कधी हुंगलेली नसतात. पण सोव्हिन्यों ब्लांक जातीच्या वाइनमध्ये पिकल्या पेरूचा वास येतो, तो त्याला कोणी समजावून सांगावा लागत नाही.

एक गोष्ट मात्र प्रवेशापूर्वीच ध्यानात घ्यावी. शिंपी वर्षाकाठी शेकडो सदरे बेततो; एक बिघडला तर दुसरा सुधारतो. मद्यशास्त्रज्ञाच्या वाट्याला हंगाम येतो वर्षातून एकदा. चाळीस वर्षे नोकरी केली, तरी चाळीसच संधी! आणि वेल लावणाऱ्याचे गणित याहूनही लांबचे असते, कारण एकदा लावलेला मळा पंचवीस-तीस वर्षे चालावयाचा असतो.

खुद्द डेव्हिसलाही याची किंमत कळली. अमेरिकेत 1920 ते 1933 दारूबंदी होती. त्या काळात घरगुती वाइनला मुभा असल्यामुळे रेल्वेने दूरवर टिकतील अशा जाड सालीच्या जाती कॅलिफोर्नियात बोकाळल्या, आणि बंदी उठली तेव्हा चांगले फळही नव्हते व जाणते हातही उरले नव्हते. अमेरिन आणि विंक्लर या डेव्हिसच्या दोघा शास्त्रज्ञांनी अनेक जातींच्या वाइनी करून पाहिल्या, आणि 1 एप्रिल ते 31 ऑक्टोबर या काळात 50 अंश फॅरनहाइटच्या वर किती उष्णता साठते, ते मोजून राज्याचे पाच विभाग पाडले. कोठे काय लावावे, हे 1944 साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामाने शेतकऱ्याला सांगितले. हे झाले यश. फिलॉक्सेरा ही मुळे पोखरणारी कीड टाळण्यासाठी वेल अमेरिकन खुंटावर बांधतात, आणि त्यासाठी विद्यापीठाने ‘एएक्सआर-1’ नावाचा खुंट सुचविला होता. त्याच्या आईबापांपैकी एक युरोपीय जातीचा, त्यामुळे उत्पन्न भरघोस. पण किडीपुढे तो कच्चा. इतर देशांत तो पूर्वीच नापास झालेला होता. 1980 च्या दशकात नापा खोऱ्यात या खुंटावरचे मळे वाळू लागले, आणि पुढील दशकात कोट्यवधी डॉलर खर्चून ते उपटून पुन्हा लावावे लागले. हा धडा आता विद्यार्थ्यांना शिकविला जातो.

महाराष्ट्रात येताच पुस्तकातील पुष्कळ पाने बदलतात. थंड देशांत वेल हिवाळ्यात झोपते. नाशिक, सांगली किंवा विजापूरकडे तिला झोपच नाही. म्हणून येथे वर्षात दोन छाटण्या कराव्या लागतात : एप्रिलमधील खरड छाटणी काडी घडविण्यासाठी, आणि पावसाळ्याच्या अखेरीस गोडी छाटणी फळासाठी. फळ उतरते जानेवारी ते मार्चमध्ये. केवडा आणि भुरी यांच्याशी झगडा आहेच. खुंट येथेही लागतो, पण मुख्यतः खारे पाणी व अवर्षण सोसण्यासाठी. पुण्याजवळ मांजरी येथे 1997 पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र या प्रश्नांवर काम करीत आहे. परदेशी पदवी घेऊन आलेल्याने तेथील कामाची ओळख करून घेतली नाही, तर त्याची पदवी नाशिकच्या उन्हात फार दिवस टिकावयाची नाही.

नोकऱ्यांविषयी भाबड्या कल्पना नसाव्यात. भारतातील बहुतेक द्राक्षे खाण्यासाठी आणि बेदाण्यासाठी जातात. वाइनचा वाटा लहान आहे. नाशिकच्या सुला कंपनीचे संस्थापक राजीव सामंत हे शिक्षणाने अभियंते, आणि वाइनसाठी त्यांनी कॅलिफोर्नियाच्या केरी डॅम्स्की यांचे साहाय्य घेतले. अर्थात मालक निराळा आणि जाणकार निराळा. विद्यार्थी जी जागा शोधतो ती दुसऱ्याची. अशा जागा थोड्या. परंतु वेल जाणणाऱ्याला रोपवाटिका, निर्यातीचे मळे, माती-पानांच्या तपासणीच्या प्रयोगशाळा आणि औषध-खतांच्या कंपन्या येथेही काम मिळते. म्हणून आधी कृषी किंवा सूक्ष्मजीवशास्त्राची पक्की पदवी घ्यावी, आणि मद्यशास्त्राकडे नंतर वळावे, हा मार्ग शहाणपणाचा.

कर्जाचा बोजा उचलण्यापूर्वी एक हंगाम मजूर म्हणून काढावा, हे सर्वांत उत्तम. नाशिककडे फेब्रुवारीत द्राक्षे फुटत असतात, तर फ्रान्स-कॅलिफोर्नियात ऑगस्ट ते ऑक्टोबर हा तोडणीचा काळ. ज्याला रीतसर परवाना आणि काम मिळाले, तो एकाच वर्षात दोन हंगाम पाहू शकतो. पहाटे चारला मळ्यात, रात्री दहाला टाकी धुताना, हात जांभळे आणि पाठ मोडलेली, अशा सहा आठवड्यांनंतरही ज्याला सातव्याची ओढ असेल, त्याने खुशाल अर्ज भरावा.