वलगणीच्या दिवसांत गळाच्या स्पर्धा नकोत

क्लबांनी शहापूर-मुरबाडकडे गळाच्या स्पर्धा जरूर भरवाव्यात, पण जून-जुलै सोडून. पहिल्या मोठ्या पावसात काळू, शाई, भातसा यांना मिळणाऱ्या ओढ्यांतून, थेट भातखाचरांपर्यंत मासे अंडी घालायला चढतात. हीच वलगण. तेव्हा माद्या गाबोळीने भरलेल्या असतात, म्हणून तराजूवर भारी पडतात. सर्वाधिक वजनाला बक्षीस ठेवलं की स्पर्धा नेमकी त्यांच्याच मागे लागते. मरळीचं तर आणखी नाजूक. जोडी पिल्लांच्या थव्याची राखण करते, जवळ काही हललं की त्यावर धावते; ती गळाला लागली की पिल्लं इतर माशांच्या तोंडी.

‘वजन करून सोडतोच की!’ हे उत्तर अर्धंच खरं आहे. मासे जिवंत तोलून सोडण्याची रीत इंग्लंडच्या क्लबांत मुरलेली आहे. तरीही तिथल्या नद्यांवर ट्राउट-सामन सोडून इतर गोड्या पाण्यातल्या माशांसाठी १५ मार्च ते १५ जून गळ बंद असतो. सोडलेली मादी जगेलही, पण त्या धावपळीत तिचं अंडी घालणं चुकू शकतं.

‘मग गावकरी वलगणीचे मासे धरतात ते?’ कातकरी-ठाकरांच्या घरी त्याचं कालवण होतं. आपला चषक ऑक्टोबरपर्यंत थांबू शकतो. (अख्खा ओढा जाळ्याने अडवणं मात्र कुणीच करू नये.) पाणी निवळल्यावर उलटा काटा नसलेली गरी वापरा, मासा ओल्या हातानेच धरा. धरणांत बहुधा मच्छीमार सोसायट्यांचा ठेका असतो, त्यांना आधी विचारा. तानसा तर अभयारण्यातच आहे.